उलाळ गाडी

‘ओटीवरून’ या सदराच्या वाचकांपैकीं नाशिककडील एका भगिनीचें पत्र गेल्या महिन्यांत हातीं आलें. त्यांचे चिरंजीव अमेरिकेंत टेक्सस संस्थानांत नोकरीस आहेत. त्यांनीं तेथें मोटारीच्या मागें जोडून ओढावयाची, माल वाहण्याची एक लहानशी बंद गाडी विकत घेतली असून सुटीच्या दिवशीं सुतारकाम करून ते तिचें निजण्याबसण्याजोगें बिऱ्हाड बनवीत आहेत. येत्या उन्हाळ्यांत आईवडील तिकडे आले म्हणजे त्यांस त्या गाडीसह चार ठिकाणें दाखवून आणावीं, असा त्यांचा बेत आहे. भगिनी लिहितात, ‘मालाच्या डब्यांत माणसांनीं निजावें हें बरें कीं वाईट? आम्ही दोघेंहि पासष्टीच्या पुढें आहों. मुलाचा उत्साह मोडवत नाहीं आणि मनांतली धाकधूकहि जात नाहीं.’

यंत्रविद्येचा मीं कधीं अभ्यास केला नाहीं. माझें आयुष्य मुलांना शब्दांचीं रूपें आणि संधि शिकविण्यांत गेलें. तरीहि या पत्राला उत्तर देण्याचा थोडा अधिकार मला आहे, असें वाटतें. तो कौतुकास्पद मात्र नाहीं. २०२३ च्या उन्हाळ्यांत कोलोरॅडोंत आमच्या चिरंजीवांबरोबर अशाच एका गाडीच्या कामांत मीं फळ्या धरल्या, रंग दिला, पुष्कळशा सूचना केल्या. आणि पुढें एके दिवशीं माझ्याच शहाणपणामुळें आम्हां पांचहि जणांचा जीव हमरस्त्यावर टांगणीस लागला. ती हकीकत मीं आजवर घराबाहेर सांगितली नव्हती.

प्रथम गाडीची ओळख करून देतों. तिकडे हिला ट्रेलर म्हणतात. आपण जोडगाडी म्हणूं. आमची जोडगाडी सहा फूट रुंद, दहा फूट लांब आणि आंतून सुमारें सहा फूट उंच होती. खालीं लोखंडी सांगाडा, बाजूंस ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आंतून प्लायवूडच्या फळ्या, मागें दोन फडताळी दारें आणि बाजूस एक लहान दार. मोटारीच्या मागच्या अंगास एक लोखंडी गोळा असतो आणि जोडगाडीच्या धुरेच्या टोंकास त्या गोळ्यावर बसणारी वाटी. गाडीचें बहुतेक वजन एका आंसावर, म्हणजे दोन चाकांवर असतें. थोडेंसें त्या गोळ्यावर पडतें. संस्कृतांत आंसाला ‘अक्ष’ म्हणतात, आणि लॅटिनमधील ‘अ‍ॅक्सिस’ व इंग्रजींतील ‘अ‍ॅक्सल’ हे त्याचेच भाऊबंद. चाकाच्या तुंब्याला आपले पूर्वज ‘नाभि’ म्हणत. इंग्रजींतील ‘नेव्ह’ तोच. चिरंजीव चाकाखालीं पडून ग्रीस भरीत असतां मीं ही व्युत्पत्ति त्यांस सांगितली. ते म्हणाले, ‘बाबा, तो पाना जरा इकडे द्या.’

रिकाम्या गाडीचें वजन सुमारें १,१०० पौंड होतें, आणि सामानासुद्धां २,९९० पौंडांच्या पलीकडे जाऊं नये अशी कारखान्याची पाटी तिच्यावर लाविलेली होती. तो आंकडा पाहून मला बाटाच्या जोड्यांची किंमत आठवली. चौकशी केल्यावर कारण कळलें. पुष्कळ संस्थानांत ३,००० पौंडांवरील जोडगाडीस स्वतंत्र ब्रेक असावे असा कायदा आहे; म्हणून लहान गाड्या करणारे त्या रेघेच्या आंत दहा पौंड राहून थांबतात. अर्थात् आमच्या गाडीला स्वतःचे ब्रेक नव्हते. ही गोष्ट पुढें लागेल.

अशीं फिरतीं घरें तिकडे तयार मिळत नाहींत असें नव्हे. परंतु त्यांची किंमत जुन्या मालगाडीच्या कित्येक पट असते, आणि त्यांचीं नाजुक कपाटें खडबडीत रस्त्यावर खिळखिळीं होतात असें पुष्कळांचें म्हणणें आहे. शिवाय स्वतःच्या हातानें केलेल्या घराची गोडी वेगळीच. मौजेखातर चाकांवरचें घर करवून घेण्याची हौस प्रथम इंग्लंडांत गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या गृहस्थास झाली असें मानतात. हे आरमारांतील निवृत्त वैद्य. त्यांनीं १८८५ सालीं ‘वाँडरर’ नांवाची घोड्यांची गाडी बांधवून घेतली. महोगनीचें काम, आंत पुस्तकें, बरोबर गाडीवान आणि नोकर. वजन दोन टनांच्या घरांत. घोडे बिचारे दोनच! पुढें मोटारी आल्या, आणि १९३० नंतरच्या मंदींत अमेरिकेंतील लोकांनीं नियतकालिकांतले आराखडे पाहून आपापल्या अंगणांत असलीं घरें ठोकलीं. ती परंपरा अद्याप चालू आहे.

आमच्या गाडीचा पहिला मालक तींत गवत कापण्याचीं यंत्रें नेत असे. आंत पेट्रोलचा वास आणि जमिनीवर तेलाचे डाग. चिरंजीवांनीं गुडघे टेंकून पेंचकसाच्या टोंकानें जमिनीची फळी जागोजाग टोंचून पाहिली. मागच्या एका कोंपऱ्यांत तें टोंक लोण्यांत शिरावें तसें आंत गेलें. छपराच्या सांध्यांतून वर्षानुवर्षें थेंब थेंब पाणी उतरून तेथलें लांकूड कुजलें होतें. वरून रंग मात्र कोरा! विकणाऱ्यानें तो नुकताच दिला असावा. तेवढा भाग कापून नवी फळी बसवावी लागली. म्हणून जुनी गाडी घेणारानें आधीं तिचे कोंपरे टोंचावे, आणि कोठें गळतें तें पावसांत आंत बसून पाहावें. पाऊस नसेल तर नळीनें पाणी सोडावें.

त्यानंतर छपराला भोंक. मालाला श्वास लागत नाहीं, माणसाला लागतो. त्यामुळें मालाच्या डब्याचें घर करतांना पहिलें काम हवेचें. पंख्यासह मिळणारी झडप बसविण्यासाठीं १४ इंच चौरस भोंक पाडावें लागतें. चांगल्या धडधाकट छपरावर करवत चालवितांना आमच्या चिरंजीवांसारख्या इंजिनियराचाहि हात क्षणभर थांबला. झडपेच्या कडेखालीं ब्यूटिलची चिकट पट्टी, वरून डिंकासारखा लेप, आणि मग दोन दिवस ढगांकडे पाहात बसणें. समोरासमोर दोन खिडक्या केल्या. त्यांपैकीं एक पुरती बाहेर उघडणारी घेतली. दारापाशीं कांहीं पेटलें तर तेथून निघतां यावें म्हणून. पत्रा आणि फळी यांमध्यें एक इंच जाडीच्या फोमच्या पाट्या घातल्या. उन्हाचा आणि थंडीचा जोर त्यामुळें पुष्कळ मोडतो.

फळ्यांच्या वासाविषयीं सूनबाई फार जागरूक होत्या. त्यांचें कारण ऐकण्याजोगें आहे. २००५ सालीं कॅट्रिना या वादळानें न्यू ऑर्लिअन्सची दैना झाली, तेव्हां बेघर झालेल्या हजारों कुटुंबांना सरकारनें अशींच चाकांवरचीं घरें राहावयास दिलीं. पुढें त्या लोकांचे डोळे चुरचुरूं लागले, खोकला जाईना. फळ्या चिकटविण्याच्या सरसांतून निघणारा फॉर्मल्डिहाइड नांवाचा वायु बंद जागेंत सांठत होता, असें २००८ सालीं सरकारी तपासणींतच निष्पन्न झालें. आणि २०१० सालीं त्याविषयीं कायदा झाला. तेव्हांपासून फळीवर त्या वायूच्या मर्यादेचा शिक्का पाहून लोक ती घेतात. सूनबाईंनीं दुकानांत प्रत्येक फळी उलटून शिक्का पाहिला. दुकानदार कंटाळला, त्या कंटाळल्या नाहींत.

फळीच्या जाडीवरून माझा आणि चिरंजीवांचा पहिला वाद झाला. पलंगासाठीं मला पाऊण इंची फळी हवी होती. घर करावयाचें तर भक्कम करावें, असें माझें मत. ते म्हणाले, आठ फूट लांब आणि चार फूट रुंद अशा पाऊण इंची फळीचें वजन सुमारें ७० पौंड, अर्ध्या इंचीचें पांचेचाळीसच्या आसपास. खालीं आडव्या पट्ट्या दिल्या कीं अर्धा इंच पुरतो. त्यांनीं एक वही घातली होती. गाडींत जाणारी प्रत्येक वस्तु, अगदीं झाडूसुद्धां, ते आधीं तोलीत आणि वहींत मांडीत. वस्तूचें वजन आणि आंसापासून ती पुढें कीं मागें, किती इंचांवर, असे दोन रकाने. मीं म्हटलें, ‘एवढा हिशेब पेशव्यांच्या दफ्तरांतहि नसेल.’ ते हंसले. मीं तो दुसरा रकाना नीट पाहिला नाहीं.

चूल कोठें असावी हा प्रश्न मात्र आमच्या कुटुंबानें एका वाक्यांत सोडविला. मूळ आराखड्यांत पलंगाच्या पायथ्याशीं गॅसची शेगडी होती. ती म्हणाली, ‘निजायच्या खोलींत चूल कसली मांडतां? आत्यांची गोष्ट विसरलांत वाटतं?’ आम्ही विसरलों नव्हतों. माझ्या आत्याच्या बाळंतपणांत, पौषांतल्या एका रात्रीं, दार लोटून आणि फटींत चिंध्या कोंबून खोलींत कोळशाची शेगडी ठेविली होती. सकाळीं मूल रडत होतें म्हणून दार उघडलें. आत्या उठली नाहीं. तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि त्याच्या अमलाखालीं आलेल्यास तो आल्याचें कळत नाहीं. बंद डब्यांत गॅस जाळला तरी तोच धोका. तेव्हां शेगडी मागच्या दाराबाहेर, खालीं पडणाऱ्या फळीवर गेली. अंगणांत चूल मांडावी तशी. आंत ऊब हवी असेल तर दोन रजया आणि गरम पाण्याची पिशवी. शिवाय तो वायु हेरणारी घंटा पलंगाच्या उशाशीं लाविली.

विजेचें थोडक्यांत सांगतों. बारा व्होल्टची, शंभर अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आणि छपरावर शंभर वॅटची सूर्यपत्रिका. दिवे, पंखा, फोन एवढ्याला हें पुष्कळ होतें. या जातीची बॅटरी पाणी गोठण्याच्या खालच्या थंडींत भरूं नये, म्हणून ती आंतल्या बाजूस ठेवतात. आणि बॅटरीलगतच तारेवर फ्यूज असावा लागतो. सांधे खिळ्यांनीं न करितां स्क्रूंनीं व बोल्टांनीं करावे. चालत्या घराला रोजच धरणीकंप.

काम सहा आठवडे चाललें. सर्व सामान भरून गाडी १,९५० पौंडांची झाली. माणसांचें वजन करण्याचा साधा काटा धुरेखालीं ठेवून, वर लांकडाचा ठोकळा देऊन चिरंजीवांनीं गोळ्यावरचा भार मोजला, तो २४० पौंड आला. ‘शेंकडा बारा,’ असें म्हणून त्यांनीं वही मिटली. शेंकडा दहा ते पंधरा हें प्रमाण तिकडे ठीक मानतात.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत निघावयाचें ठरलें. जाणें ग्रेट सँड ड्यून्स येथें. उत्तर अमेरिकेंतील सर्वांत उंच वाळूच्या टेंकड्या तेथें आहेत, सुमारें ७४० फूट. आदल्या रात्रीं मी एकटाच गाडींत गेलों. बाजूच्या दारांतून आंत पाऊल टाकतांच पाण्याचे दोन बुधले आणि पुढच्या भिंतीशीं शिध्याची पेटी, अशी अडचण दिसली. कुटुंबाचे गुडघे चांगले नाहींत. रात्रीं उठली आणि त्या बुधल्यांना अडखळली तर? मीं ते दोन्ही बुधले आणि ती पेटी ओढून अगदीं मागच्या दारांशीं नेऊन लाविलीं. पेटींत माझीं चार पुस्तकेंहि होतीं. काम झाल्यावर मला फार बरें वाटलें. कोणास सांगण्याचें कारण दिसलें नाहीं.

डेन्व्हरहून दक्षिणेकडे जाणारा हमरस्ता प्रशस्त आहे. प्वेब्लो शहर मागें टाकल्यावर वॉल्सेनबर्गकडे जातांना दोन्ही बाजूंस उघडें माळरान लागतें आणि पश्चिमेच्या डोंगरांवरून वारा येतो. आमचा वेग तासाला ६५ मैलांचा. एक मोठा मालट्रक आम्हांस ओलांडून पुढें गेला. त्याच्या वाऱ्याचा धक्का बसला आणि मागें कोणी पाळण्याला झोंका द्यावा तशी जोडगाडी उजवीकडे गेली. मग डावीकडे. मग पुन्हा उजवीकडे, पहिल्याहून अधिक. आतां मोटारहि तिच्याबरोबर हलूं लागली. नातीनें आजीचा हात धरला. मी ओरडलों, ‘ब्रेक लाव!’

चिरंजीवांनीं ब्रेक लाविला नाहीं. त्यांनीं फक्त गति देण्याच्या पट्टीवरून पाय काढून घेतला आणि चक्र दोन्ही हातांनीं सरळ धरून ठेविलें. झोंक्याच्या उलट दिशेला चक्र फिरवावें असा मोह होतो. तेंहि त्यांनीं केलें नाहीं. साठ, पंचावन्न, पन्नास. झोंके लहान होत गेले. पंचेचाळिसाच्या सुमारास गाडी निवळली. हें सर्व दहा-बारा सेकंदांत झालें असेल. बाहेर पडण्याचा रस्ता येतांच ते उतरले, मागचीं दारें उघडलीं आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले.

‘बाबा, हें पाणी मागें कोणीं नेलें?’

मीं नेलें, असें मीं सांगितलें. ते रागावले असते तर मला सोपें गेलें असतें. त्यांनीं काटा काढला आणि धुरेखालीं ठेविला. २४० पौंडांच्या जागीं ९५ पौंड. शेंकडा पांचहि नाहीं.

मग त्यांनीं मला वहीचा दुसरा रकाना दाखविला. सात गॅलनांचा एक बुधला ५८ पौंडांचा; दोन मिळून ११६; पेटी ६०; एकूण १७६. आंसाच्या पुढें ४८ इंचांवर होतें, तें मीं आंसाच्या मागें ४२ इंचांवर नेलें, म्हणजे नव्वद इंच सरकविलें. आंसापासून गोळा १०८ इंच. १७६ ला ९० नीं गुणून १०८ नीं भागलें कीं १४७ येतात, आणि तितकाच भार गोळ्यावरून उडाला. हें त्रैराशिक मीं स्वतः इयत्ता सहावीला शिकविलें आहे.

परंतु मला लाज वाटली ती त्रैराशिकाची नव्हे. माझें बालपण वाईजवळच्या एका खेड्यांत गेलें. आमच्याकडे बैलगाडी होती आणि पोतीं भरतांना आमचा गडी धुरेला हात लावून ती उचलून पाहात असे. भार मागें अधिक झाला कीं तो म्हणे, ‘गाडी उलाळ झाली, एक पोतं पुढं घ्या.’ गाडी उलाळ झाली म्हणजे जूं वर उचललें जातें, बैलांच्या गळ्याला पट्टा आवळतो आणि चढावर तीं मुकीं जनावरें गुदमरतात. भार फार पुढें झाला तर मानेवर येऊन मान सोलवटते. बैलाची मान दाबील पण दुखविणार नाहीं इतकेंच वजन धुरेवर ठेवावयाचें. त्या माणसाला अक्षरओळख नव्हती. शब्द मला ठाऊक होता, पाहिलेलें होतें, हातानें पोतें पुढें सारलेलें होतें. आणि अमेरिकेंतल्या अंगणांत ‘अक्ष’ शब्दाचे भाऊबंद सांगतांना तें मला आठवलें नाहीं.

बैलगाडी उलाळ झाली तर बैल थांबतो. मोटार थांबत नाहीं, एवढाच फरक. आंसाच्या मागें जड वस्तु असली म्हणजे ती एकदां बाजूला निघाली कीं गाडीला ओढीत नेते. चाकें तिला परत आणतात तों ती दुसऱ्या बाजूस निघालेली असते. वेग कमी असेल तर प्रत्येक झोंका आधींच्याहून लहान होतो, आणि एका ठराविक वेगापलीकडे तोच आधींच्याहून मोठा होतो. धुरेवर पुरेसा भार असला कीं ही मर्यादा दूर जाते, नसला कीं जवळ येते. अशा वेळीं मोटारीचे ब्रेक लाविले तर मोटार मंदावते आणि ब्रेक नसलेली जोडगाडी मागून ढकलते; ती दुमडून आडवी येते. मी ओरडलों होतों तें ऐकलें असतें तर हें पत्रोत्तर कोणी लिहिलें असतें कोण जाणे. ज्या जोडगाडीला स्वतंत्र विजेचे ब्रेक असतात, तिचे तेवढेच हलके लावावे असें जाणते सांगतात. आमच्या गाडीला पुढें चिरंजीवांनीं ते लावून घेतले. कायद्याची सक्ति नसतांनाहि.

बुधले पुढें नेले, काटा पुन्हा २४० वर आला, आणि ला व्हेटा घाट, ९,४०० फुटांचा, आम्ही सावकाश चढून गेलों. गाडींत फारसें कोणी बोललें नाहीं. कुटुंबानें मात्र एकदां म्हटलें, ‘माझ्या गुडघ्यासाठींच केलंत ना? मला विचारायचं होतंत. मी बुधल्यावरून पाय टाकला असता.’

वाळूच्या टेंकड्यांच्या पायथ्याशीं मेडानो नांवाचा ओढा जूनमध्यें वाहात असतो. पाणी घोट्याएवढें, पण तळाची वाळू सांचते आणि फुटते, त्यामुळें समुद्रासारख्या लहान लहान लाटा येतात. नात आणि आजी दुपारभर त्यांत बसून होत्या. रात्रीं मुलें तंबूंत निजलीं आणि आम्ही दोघें गाडींत. ती जागा ८,२०० फूट उंचीवर; थंडी कडाक्याची. मीं गारठा येतो म्हणून छपराची झडप घट्ट लाविली. सकाळीं खिडकीच्या चौकटीवर पाण्याचे थेंब आणि रजईची कड ओली. आमच्याच दोघांच्या श्वासाची वाफ ती. दुसऱ्या रात्रीं झडप बोटभर उघडी ठेविली, तेव्हां अंथरूण कोरडें राहिलें.

शेजारच्या तळावर एक वृद्ध बाई होत्या. त्यांची गाडी आमच्याएवढीच, पण हिंडण्यासाठीं नव्हे. तें त्यांचें घर होतें. २००८ च्या आर्थिक पडझडींत त्यांचें राहतें घर कर्जांत गेलें. सरकारी मोकळ्या जमिनींवर एका ठिकाणीं बहुधा १४ दिवसच राहतां येतें, म्हणून त्या दर पंधरवड्यास मुक्काम हालवीत. असे वृद्ध तिकडे पुष्कळ आहेत. जेसिका ब्रूडर या लेखिकेनें त्यांच्याबरोबर राहून २०१७ सालीं ‘नोमॅडलँड’ हें पुस्तक लिहिलें, आणि त्यावरून निघालेला चित्रपटहि गाजला. आपल्याकडे बीडहून ऊंसतोडीला जाणारीं कुटुंबें बैलगाडींत संसार भरून निघतात, तेंच मला आठवलें. मात्र त्या गाडींत पोरें, सासू, कोंबड्या सगळीं असतात. या बाई एकट्या होत्या. त्यांनीं मला विचारलें, पूर्वी काय करीत होतां? शिक्षक होतों म्हटल्यावर म्हणाल्या, मीहि. मला निवृत्तिवेतन मिळतें हें मीं त्यांस सांगितलें नाहीं.

त्यांनीं आमची गाडी कौतुकानें पाहिली. मग मला आंत उभें करून दार लोटलें आणि बाहेरचा अडसर लाविला. ‘आतां उघडा,’ त्या बाहेरून म्हणाल्या. मला उघडतां येईना. मालगाडीचें दार बाहेरूनच बंद होण्यासाठीं केलेलें असतें. सामानाला आंतून बाहेर यावयाचें नसतें! कोणी थट्टेनें, चुकून किंवा वाईट बुद्धीनें तो अडसर लाविला तर आंतला माणूस पिंजऱ्यांत. खिडकी होती हें खरें. पण आमच्या कुटुंबाच्या गुडघ्यांनीं त्या खिडकींतून निघणें म्हणजे दिव्यच. सहा आठवडे आम्हीं प्रत्येक स्क्रू तोलला आणि हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. बाईंनीं आपल्या गाडींतून एक लहानशी कळ आणून दिली, जिनें आंतून अडसर सुटतो. चिरंजीवांनीं ती त्याच दुपारीं बसविली. पैसे त्यांनीं घेतले नाहींत. कुटुंबानें केलेला शिरा मात्र दोनदां घेतला.

आतां नाशिकच्या भगिनींस उत्तर. अवश्य जावें. मालाच्या डब्यांत निजण्यांत कमीपणा नाहीं, आणि काम नीट केलेलें असेल तर भयहि नाहीं. मुलाला उपदेश करूं नये. मीं केला तेवढा पुरे आहे. त्याला दोन गोष्टी मागाव्या. पहिली, सामान भरून झाल्यावर धुरेवरचा भार तुमच्यासमोर काट्यावर मोजून दाखविणें, आणि त्यानंतर एकहि पिशवी त्याला विचारल्यावांचून न हालविणें. विशेषतः रात्रीं, विशेषतः यजमानांनीं. दुसरी, दिवसाउजेडीं तुम्हांस आंत ठेवून बाहेरून दार बंद करणें, आणि तुम्हीं तें आपल्या हातानें उघडणें. दोन्ही उभयतांनीं करून पाहावें, कारण दोघांच्या हातांतली शक्ति सारखी नसते. निजण्यापूर्वी झडप बोटभर उघडी आहे ना, आणि ती घंटा बोलते ना, हें पाहावें. गाडी चालत असतां आंत कोणी बसूं नये.

आमची गाडी हल्लीं चिरंजीवांच्या अंगणांत उभी आहे. आंतल्या दारावर मीं खडूनें ‘उलाळ’ असा शब्द लिहून ठेविला होता. नातीला देवनागरी येतें; तिनें तो वाचला, अर्थ विचारला, आणि आतां गाडी भरतांना तीच धुरेला हात लावून पाहते म्हणे.